त्रेचाळीस गाड्यांची पेटी

— नाही, पेटी आहे, पेटी कुठे जाणार, ती काय वर फळीवर बसलीय — पण आधी तुम्ही बसा. उभ्या उभ्या मागू नका. स्टूल घ्या — ते नको, त्याला ओला रंग आहे, ते दुसरं घ्या. गाडी मागच्या गल्लीत लावलीत ना? बरं केलंत. दारापुढे दोन महिने खणून ठेवलंय, पाइप टाकायचा म्हणे, पाइप आला नाही, खड्डा तेवढा आला. भास्कररावांनी पाठवलं म्हणालात. हां. वर्धीच्या स्टँडवरचे भास्करराव. त्यांना मी गेल्या महिन्यातच सांगितलं होतं, आता माझ्याकडे माणसं पाठवू नका म्हणून. ते हो म्हणाले. ते सगळ्यालाच हो म्हणतात. आणि नाव काय म्हणालात — जयवंतराव. म्हणजे आपल्यातलेच, नाहीतर मी आपला गुजरातीत सुरू झालो असतो, आयुष्य बडोद्याच्या पाणीगेटात गेलं, अर्धी जीभ तिकडचीच झालीय. कारखाना बंद पडला आणि जुनी व्हॅन घेतलीत, असं ऐकलं. चांगलं केलंत. शाळेची वर्धी म्हणजे काय, सकाळी मुलं न्यायची, दुपारी आणायची, सुट्टीत मजेत झोपायचं. उद्या आरटीओत तुमचं पासिंग. कागद सगळे झाले, प्रथमोपचाराची पेटी तेवढी राहिली. बरोबर? पेटीच राहते. सगळ्यांची पेटीच राहते.

हळू बोला हं जरा. म्हणजे — तुम्ही बोलतच नाही आहात, मीच बोलतोय, तेव्हा मीच हळू बोलतो. आत मंदाकिनी बसलीय, आमची बायको. तो पडदा दिसतो ना, त्याच्या पलीकडे मधली खोली, तिथे. झोपलेली नाही. दुपारची ती झोपत नाही. मेथी निवडत असेल नाहीतर नुसती बसली असेल. तिला ऐकू जाऊ नये असं नाही काही, ऐकू जातंच, दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा, त्यालाही भोक. पण उगाच कशाला.

काढतो खाली. थांबा, तुम्ही नका उठू, तिला माझाच हात लागतो. — हं. उघडा. उघडा तर खरं, कडी डावीकडे सरकवा. वास नाही आला ना? पेटी उघडल्यावर दवाखान्याचा वास आला तर समजायचं आत काहीतरी सांडलंय. हिला वीस वर्षांत वास आला नाही. पत्रा मी स्वतः कापून घेतला, कोपरे वाकवून घेतले, कापसाला धार लागू नये म्हणून. पांढरा रंग दोन हात, वर लाल क्रॉस — तो बघा, कडा बघा त्याच्या. फुटपट्टी नाही लावली, हाताने ओढलाय. तेव्हा हात असा होता. नंबरप्लेटा रंगवायचो ना मी, अख्ख्या बडोद्यात स्कूटर दिसली की मी पाठीमागून ओळखायचो, ही माझी, ही दुसऱ्याची. मग सरकारी छापाच्या तयार प्लेटा आल्या आणि ब्रश वाळला. आता पिवळ्या गाडीवर काळ्या अक्षरांत ‘स्कूल वर्धी’ लिहायचं, मागेपुढे रेडियम चिकटवायचं, एवढंच. तुमचंही मीच करून देईन, ते होऊन जाईल संध्याकाळपर्यंत.

तर हे झाकणाच्या आतून बघा — यादी. मराठीत आणि गुजरातीत. कापूस, गॉज, चिकटपट्टी, कात्री, आयोडिन, भाजल्याचं मलम, मिठा-साखरेची पुडी, तिकोनी फडकं हात गळ्यात बांधायला. खालच्या कप्प्यात टॉर्च, त्याचे सेल वेगळे ठेवलेत, आत घालून ठेवले की पाझरतात — हे कोणाला कळत नाही, टॉर्च घेतात, सेल घालतात आणि विसरतात, आणि ज्या दिवशी लागतो त्या दिवशी आत हिरवी बुरशी. मग दोर, गाडी ओढायचा. मग लाल तिकोन, रस्त्यात मागे उभा करायचा. आणि प्रत्येक औषधाला ही चिठ्ठी, कधी आणलं, कधी संपतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं बाहेर काढायचं, पुसायचं, तारखा बघायच्या, जुनं काढायचं, नवं घालायचं. एकही रविवार चुकला नाही. आई गेली त्या महिन्यातही चुकला नाही. आता तुम्ही म्हणाल याला वेड म्हणतात. म्हणा. पासिंगच्या मैदानावरचे एक साहेब, फार कडक माणूस, सगळ्या पेट्या उघडून बघायचे, कापसाच्या खाली हात घालून बघायचे, ते एकदा ही पेटी बघून म्हणाले होते, अशी पेटी माझ्या नोकरीत मी दुसरी पाहिली नाही. ज्याच्या गाडीत होती त्या ड्रायव्हरने येऊन सांगितलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद.

दुसरी कुठून बघणार ते. दुसरी नव्हतीच.

नाही कळलं? — हे बघा, झाकणावर इथे दोन्ही बाजूंना खोबणी आहे. यात ही पत्र्याची छोटी पाटी सरकते. पाटीवर गाडीचा नंबर. तुमचा नंबर सांगितलात की अर्ध्या तासात मी पाटी रंगवतो, वाळवतो, खोबणीत सरकवतो, झाली पेटी तुमची. पासिंग झालं की तुम्ही पेटी परत आणून देता, मी पाटी काढतो, त्या भिंतीवरच्या तारेला अडकवतो — हां, ती तार, आता रिकामी आहे — आणि पुढच्या वर्षी तुम्ही आलात की तीच पाटी परत काढायची. साहेबांना दिसतं काय, तर गाडीच्या नंबराची, गाडीची स्वतःची, जपलेली पेटी. मी कधी कोणाला खोटं बोललो नाही. मी फक्त पाटी रंगवली.

सुरुवात कशी झाली विचारा. विचारा ना. — असंच कोणीतरी अडलेलं आलं. रडवेला होता, सकाळचं पासिंग, आणि पेटी घरी राहिलेली, घर लांब पादरा गावात. मी ही पेटी माझ्यासाठी बनवली होती हो, दुकानासाठी, पत्रा कापताना हात कापतो म्हणून. म्हटलं घेऊन जा, दुपारी आणून दे. नेली, आणली. अडल्यानडल्याला देऊ नये का? त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पैसा घेतला नाही कधी, एक रुपया नाही, देवाशपथ. लोक पेटी परत करताना वर लीलो चेवड्याचा, आपल्या इथल्या त्या ओल्या चिवड्याचा, पुडा ठेवायचे, तेवढंच. मला तर वाटायचं ही सेवा आहे. गरीब माणसं, वर्षातून एक दिवस लागणारी पेटी, ती प्रत्येकाने कशाला घ्यायची, सीटखाली पडून सडवायला. एक नीट ठेवलेली पेटी सडलेल्या चाळीस पेट्यांपेक्षा बरी — असं मी म्हणायचो. चारचौघांत म्हणायचो. टाळ्याही मिळायच्या.

चहा घेणार? नको. बरं. खरं तर आत जाऊन सांगायला लागेल, म्हणून मीच विचारायला नको होतं.

ही चार बँडेजं बघा. ही तळाशी. बाजारची नाहीत. हात लावून बघा — मऊ आहेत ना? मंदाकिनीची आहेत. बालवाडीत शिकवायची ती, मंदाबाई म्हणतात तिला सगळे, अर्ध्या पाणीगेटला तिने अक्षर गिरवायला शिकवलंय. जुनी सुती लुगडी उकळायची, उन्हात वाळवायची, इस्त्री फिरवायची, मग चार बोटांच्या रुंदीत फाडायची — कापायची नाही, कात्रीने दशा निघतात, फाडायची, सरळ धाग्यात — आणि मग मांडीवर घेऊन घट्ट गुंडाळायची. महिन्याच्या त्या रविवारी आम्ही दोघं इथे बसायचो. मी औषधं, ती बँडेजं. बाकी नवराबायको कुठे बागेत वगैरे जातात. आम्ही पेटी भरायचो. आणि भरून झाली की ती विचारायची, या वेळची कोणाला? मी म्हणायचो, अमक्याच्या गाडीला. ती तारेकडे बघायची आणि म्हणायची, किती झाल्या हो आता? मी म्हणायचो, तीस. पुढे छत्तीस. पुढे चाळीस.

तिला वाटायचं आम्ही देतो.

म्हणजे — देऊन टाकतो. तिला वाटायचं प्रत्येक गाडीला एक पेटी जाते, आणि तारेवरच्या पाट्या म्हणजे दिलेल्या पेट्यांची खूण. मी कधी तसं म्हटलं नाही. पण तसं नाही असंही म्हटलं नाही. पेटी दुपारी परत यायची तेव्हा ती बालवाडीत असायची. चेवड्याचा पुडा घरात यायचा, ती म्हणायची, कुणी आठवण ठेवली हो. तिने खाल्लाय तो चेवडा. मजेने खाल्लाय. मी समोर बसून बघितलंय. आता तुम्ही विचाराल की इतकी हुशार बाई, तिला एक पेटी आणि चाळीस पेट्या यातला फरक कळला नाही? दर महिन्याला रविवारी तीच पेटी समोर? — नाही कळला, कारण पेट्या सगळ्या सारख्याच, मीच बनवणार, मीच रंगवणार, असं तिला वाटलं. माझ्या हातावर तिचा एवढा विश्वास. इथे मी पत्रा कापत असायचो, आत आवाज ऐकून ती समजायची पेट्याच कापतोय. मी नंबरप्लेटा कापत असायचो.

हे मी तुम्हाला का सांगतोय कोण जाणे. तुम्ही पेटी मागायला आलात.

गजेंद्र माहीत आहे? नसेल, आता तो स्टँडवर येत नाही. फार चांगला माणूस, मुलांना हाताला धरून उतरवायचा. त्याच्या गाडीची पाटी माझ्याकडची सगळ्यात जुनी. मंदाकिनीच्या शाळेची बालवाडी गावाबाहेर गेली, पादऱ्याच्या रस्त्याला, तर हिला जायचं कसं, रिक्षा परवडत नाही, मी म्हटलं गजेंद्रच्या व्हॅनमधून जा. पुढच्या सीटवर बसायचं, लहान मुलं सांभाळायची, त्यालाही बरं. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, त्याची गाडी एकदम व्यवस्थित, सगळं आहे तिच्यात. मी म्हटलं. ज्याने स्वतः पाटी काढून तारेला अडकवली त्याने म्हटलं. आणि थट्टेने नाही हो, मनापासून म्हटलं, कारण मला खरंच तसं वाटत होतं. वीस वर्षं एखाद्या गाडीवर तुम्ही स्वतःच्या हाताने ‘सगळं ठीक’ लिहीत आलात की तुम्हालाही ते ठीकच दिसायला लागतं. पासिंग झालं म्हणजे झालं. त्यात माझाच हात आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हे तुम्हाला पटतंय का? मला स्वतःला पटत नाही, पण झालं तसंच.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळची वेळ, नऊ मुलं आत. गाय आडवी आली. कोणाच्या मागे लागली होती देव जाणे, सरळ रस्त्यात. गजेंद्रने गाडी वळवली ती झाडाला. जोरात नाही, तसा काही फार जोरात नाही, पुढचा दिवा फुटला एवढंच गाडीचं. पण मधल्या खिडकीची काच फुटली आणि एका मुलीचा हात तिथे होता. कांचन तिचं नाव, पहिलीतली. मनगटाच्या वर, असं, आडवं. रक्त म्हणजे — मी नव्हतो, मला मंदाकिनीने सांगितलं. एकदाच सांगितलं. मुलं किंचाळतायत, आणि मंदाकिनी एकदम शांत. शांत का? तिला माहीत होतं ना. तिला माहीत होतं की सीटखाली पेटी आहे, पेटीत उजवीकडे गॉज आहे, डावीकडे बँडेजं आहेत, बँडेजं तिने स्वतः गुंडाळलीत, कात्रीला मी तेल लावलंय. डोळे मिटून सापडलं असतं तिला. ती म्हणाली, गजेंद्रभाई, सीटखालची पेटी काढा. ती परत म्हणाली. तो खाली बघतोय. मग तिने स्वतः वाकून हात घातला. पाना निघाला. जॅक निघाला. तेलाचं फडकं निघालं. ती म्हणते, असेल, नीट बघा, मी भरलीय ती, मी स्वतः भरलीय — आणि हात घालत राहिली. कितीतरी वेळ हात घालत राहिली. मुलीचा हात वर धरायचा, दाबायचा, ते तिला येत होतं, पण दोन मिनिटं ती सीटखाली पेटी शोधत राहिली, कारण ती तिथे नाही हे तिला खरंच वाटेना.

मग पदर फाडला आणि बांधला. कोणा टेम्पोवाल्याने दवाखान्यात पोचवलं.

मुलगी बरी आहे. बरी आहे, शाळेत जाते. दोन बोटं मिटत नाहीत, करंगळी आणि तिच्या शेजारचं. उजव्या हाताची. मी जाऊन आलो त्यांच्या घरी, त्यांनी चहा दिला, मला माहीत नाही त्यांना काय माहीत आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की शीर काचेनेच तुटली, पेटी असती तरी बोटांचं तेच झालं असतं. पेटी असती तरी. मी हे मंदाकिनीला सांगितलं, घाईघाईने घरी येऊन सांगितलं, धाप लागली होती मला. डॉक्टर म्हणाले पेटी असती तरी काही फरक पडला नसता. तिने ऐकलं. आणि म्हणाली, मग भरत कशाला होतो आपण?

एवढंच. तुम्हाला याचं उत्तर सुचतंय?

म्हणजे त्याच्या आधी एक झालं. ज्या दिवशी अपघात झाला त्या दिवशी ती दुपारी घरी आली, फाटक्या पदराने, हात कोपरापर्यंत रक्ताचे वाळलेले. मी इथेच बसलो होतो. ती आत गेली नाही, इथे उभी राहिली आणि वर फळीकडे बघितलं. पेटी फळीवर. झाकणाच्या खोबणीत पाटी नाही. मग तिने भिंतीवरची तार काढली, सगळ्या पाट्या जमिनीवर ओतल्या, आणि बसून एकेक लावल्या. मुलांना अक्षरं लावायला शिकवते तशा, ओळीत. गजेंद्रची पाटी मधे. आणि मोजल्या. म्हणाली, त्रेचाळीस. मग हात धुवायला आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी वाट बघितली. अजून बघतोय. ती सगळं बोलते हो माझ्याशी — गॅस संपलाय, दूध नासलं, शेजारच्या निरुपमाच्या मुलाचं लग्न ठरलं, खंडेराव मार्केटातून येताना कैऱ्या आणा — सगळं. फक्त दुकानात पाऊल टाकत नाही. आणि बँडेज गुंडाळत नाही. पहिला रविवार येतो, मी इथे बसतो एकटा, तारखा बघतो, बाजारची बँडेजं आणून घालतो, ती जाळीची, फुसकी, बोटात धरली की सुटतात. आणि ती मधल्या खोलीत बसते. मधे पडदा.

आठ महिने झाले, कोणाला पेटी दिली नाही. — दोनदा दिली. तुमच्याशी कशाला खोटं बोलू, तुम्ही कोण माझे. दोनदा दिली. एकदा तो माणूस ऐकेना म्हणून, आणि एकदा ती बहिणीकडे पुण्याला गेली होती म्हणून. तो नेणारा पेटी परत देऊन गेला आणि वर चेवड्याचा पुडा ठेवून गेला, आणि मी तो हलवायला विसरलो. ती स्टेशनवरून आली, पिशवी ठेवली, पडदा बाजूला करून बघितलं. पुडा. पडदा सोडला. रात्री नेहमीसारखं वाढलं. त्या रात्री मी ठरवलं की पेटीच मोडून टाकायची, पत्र्याचं काहीतरी दुसरं करायचं. सकाळी हातात घेतली आणि पुसून परत ठेवली. जमत नाही. माणसाच्या हातून आयुष्यात एखादीच गोष्ट बरी होते, माझी ही झाली, आणि हिने कधी कोणाला एक पट्टी बांधली नाही. एकालाही नाही. वीस वर्षं तयार. कायम तयार. फळीवर.

पाट्या मी तापी नदीत सोडल्या — कुठे तापीत, इथल्या इथे भंगारात दिल्या. म्हणून तार रिकामी आहे.

तुमचा नंबर काय म्हणालात? — थांबा, सांगू नका. पाटी रंगवायची नाही आता. काय? ... नाही, ऐकलं मी. उद्या दुपारी बारापर्यंत आणून देतो म्हणालात. बघा, तेच वाक्य. गजेंद्र म्हणायचा, काका, पेटी आपो ने, बपोरे पाछी मूकी जईश. अगदी तोच सूर. चांगली माणसं सगळी त्याच सुरात बोलतात. जयवंतराव, तुमच्या व्हॅनमध्ये किती मुलं बसणार? नऊ. दहा. त्यातलं सगळ्यात लहान केवढं? — हां. मग ते खिडकीशी बसेल. लहान मूल खिडकीशीच बसतं, त्याला बाहेर बघायचं असतं.

पेटी घ्या. घ्या म्हणतो. पैसे बाहेर काढू नका, खिशात ठेवा ते. हातात धरा नीट, दोन्ही हातांनी, खालून. सेल वेगळे आहेत हे लक्षात ठेवा. आयोडिनची तारीख जवळ आलीय, दोन महिन्यांत नवं आणा. आणि ही चार बँडेजं — थांबा, ही मी — नाही. राहू द्या. राहू द्या आत. त्या जागीच असू द्या, डावीकडे. आधी ती वापरा, बाजारची नंतर. आणि परत आणू नका. तुम्ही म्हणाल पासिंग झालं की मला काय करायची, माझ्या चुलतभावाचं गुरुवारी आहे, त्याला देतो. देऊ नका. त्याला म्हणावं पत्रा आणून दे, मी कापून देतो, पण ही तुमच्या सीटखाली. कळलं? तुम्ही मान हलवताय. भास्करराव पण हलवतात.

उठा. नाही, त्या दाराने नको, तिथे खड्डा आहे, आणि गाडी मागच्या गल्लीत आहे ना तुमची. असे आतून जा. हो, घरातून. पडदा सारा आणि सरळ जा, मधल्या खोलीतून, पुढे स्वयंपाकघर, मग मागचं दार. चपला असू द्या पायात. ती बसलेली असेल उजव्या हाताला. तुमच्याकडे बघणार नाही, पेटीकडे बघेल. तिने ऐकलंय सगळं, मघापासून मेथीचा आवाज बंद आहे. तुम्ही आपणहून काही बोलू नका, माझ्या वतीने तर अजिबात नको. नुसते जा, हळू, तिला पेटी जाताना दिसली पाहिजे. आणि ती विचारेल. एकच विचारेल, शाळेत विचारायची तसं, शांतपणे — परत कधी आणणार? तेव्हा काय खरं असेल ते सांगा. काय सांगणार ते मला आत्ता सांगू नका, मला नाही ऐकायचं, मी पाटी रंगवणारा माणूस आहे, माझं ऐकलेलं उपयोगाचं नाही. तिलाच सांगा. जा. पडदा सोडू नका मागे, तसाच राहू द्या उघडा. जा.